पोरं गावातच होती
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



"लायक पोरंच मिळत नाहीत हो!" हे वाक्य आपण नोकरीच्या दारात ऐकतो. आज मी ते अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मैदानावर तपासणार आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा नाव तिकडच्या काळ्या पँथरांकडूनच आलं. म्हणून त्यांचा हिशेब तो आपलाही हिशेब.

तिकडे कॉलेजच्या संघासाठी भरती चालते. कोच हायस्कूलचे सामने बघत हिंडतो, पोरं हेरतो, स्कॉलरशिप देतो. पोरगं गावातलंच असलं तर काय हवं? आईबाप सामन्याला येतात, गाव संघाला आपला म्हणतं. मग दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांना गावातली काळी पोरं का दिसली नाहीत?

केंटकी विद्यापीठ घ्या. ॲडॉल्फ रप १९३० ते १९७२ तिथला कोच, चार राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवलेला. त्या राज्यात १९०४ च्या कायद्यानं काळ्या-गोऱ्यांनी एका शाळेत शिकणं गुन्हा होता. १९५४ साली सुप्रीम कोर्टानं शाळांतली ही वाटणी मोडीत काढली. कायदा मेला, भिंत जागेवरच! १९ मार्च १९६६ ला रपचा सगळा गोरा संघ टेक्सास वेस्टर्नच्या पाच काळ्या खेळाडूंपुढे ७२-६५ नं हरला. तरी केंटकीच्या संघातून पहिला काळा पोरगा खेळला तो १९७०-७१ च्या हंगामात. त्याआधी लुईव्हिलच्या वेस अन्सेल्डला केंटकीनं स्कॉलरशिप देऊ केली. तो आपल्याच शहरातल्या विद्यापीठात गेला. दार इतकी वर्षं बंद ठेवायचं, मग किलकिलं करून म्हणायचं, बघा, येत नाहीत!

आणि जो आत गेला त्याचं काय झालं? पेरी वॉलेस. नॅशव्हिलचा. शिकण्यात पहिला, खेळात राज्यविजेता. १९६६ साली त्याच शहरातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं त्याला घेतलं. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या मुख्य संघातून खेळलेला तो पहिला काळा बास्केटबॉलपटू. पण विद्यापीठाजवळच्या चर्चनं त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मिसिसिपीत प्रेक्षकांनी अशा शिव्या घातल्या की मध्यंतरात तो नि त्याचा काळा सोबती गॉडफ्रे डिलार्ड एकमेकांचे हात धरून बसले. पुढे डिलार्ड गेला, पेरी एकटा उरला. १९७० साली शेवटचा सामना संपल्यावर त्यानं हे एकटेपण पेपरात सांगितलं, तर गाव त्याच्यावरच खवळलं. सन्मान म्हणून त्याचा नंबर विद्यापीठानं कायमचा राखून ठेवला तो २००४ साली!

म्हणजे भरती सहीनं संपत नाही. पंगतीला कोण बसतं, खोलीत कोण राहतं, तिथं खरी भरती होते. उंची मोजायला फूटपट्टी लागते. माणूस म्हणून घ्यायला मन लागतं, आणि ते मन संघर्षाशिवाय बदलत नाही.

आज तिकडचे संघ काळ्या खेळाडूंनी भरलेत. १ जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर पैसे मिळवू शकतो, २०२५ पासून कॉलेज थेट पैसे देऊ शकतं. ठीकच झालं, घाम त्यांचा होता. पण लहान कॉलेजनं घडवलेलं पोरगं आता मोठं कॉलेज पैसा दाखवून उचलतं. जातीची भिंत पडली की पैशाची उभी राहते. दोन्हींशी लढावं लागतं.

तेव्हा कुणी म्हणालं, "तुमच्यात पोरं नाहीत," तर तीन सवाल टाका. बघायला वस्तीत आलात कधी? आलात तर मैदान नि बास्केट दिलीत? दिलीत, तर ताटाला ताट लावून जेवलात?

उत्तर मिळेपर्यंत हटायचं नाही. जय भीम!