विळा कुठे धरायचा?

खोडवा म्हटलं की आपल्याला ऊस आठवतो. ऊस तोडायचा, बुडखे छाटायचे, पाणी सोडायचं, की नवी लागण न करता दुसरं पीक उभं. भाताचाही खोडवा घेता येतो म्हटलं की मात्र माणसं हसतात. पण कापलं की संपलं, असा भाताच्या रोपाचा स्वभावच नाही. धसकटाच्या पेरांवर डोळे निजलेले असतात. वरची लोंबी गेली आणि खाली ओल राहिली, की ते फुटतात. कापणीनंतर आठवड्याभरात खाचरात पोपटी छटा दिसते ना, ती हीच. आपण तिच्यावर गुरं सोडतो.

नांगरणी नाही, चिखलणी नाही, रोपवाटिका नाही, लावणी नाही. मुळं आयती तयार. मग अडतं कुठे? माझ्या मते सगळा खेळ विळा किती उंचीवर धरायचा यात आहे.

वरच्या पेरांचे फुटवे घाईचे असतात, लवकर निसवतात. चीनमध्ये हुबेई, सिचुआन या भागांत पहिली कापणी ऑगस्टच्या सुमारास होते आणि मागून थंडी येते. फुलोऱ्यात गारठा शिरला की दाणा पोचट. म्हणून तिथे ३०-४० सेंटिमीटर धसकट उभं ठेवतात. दोन-अडीच महिन्यांत दुसरी कापणी होते. गंमत अशी, की मजूर मिळेनात म्हणून कापणी यंत्र आणलं, तर त्याच्या पट्ट्यांखाली तीच धसकटं चिरडू लागली. अमेरिकेत लुइझियानाचे शेतकरी खोडव्यासाठी १५ ऑगस्टच्या आत पहिलं पीक काढायला बघतात. तिथलं खोडव्याचं उत्पन्न पहिल्याच्या साधारण तिसरा हिस्सा. पण त्यावरचा खर्चही तितकाच आटोपशीर.

सुमात्राचे मिनांगकाबाऊ शेतकरी मात्र उलट्या वाटेनं जातात. त्यांच्या पद्धतीचं नाव सालिबू. (ऐकून साळ आठवते, संबंध जोडायचा मोह मी आवरतो.) कापणीनंतर आठवडाभर थांबायचं, मग धसकट पुन्हा जमिनीपासून ३ ते ५ सेंटिमीटरवर छाटायचं. फुटवे बुडातून येतात, उशिरा येतात, पण स्वतःची मुळं धरतात. म्हणून पीक मूळ पिकाच्या जवळपास जातं. तिथे बारमाही उबारा आहे, त्यामुळे उशीर परवडतो. चीननं आणखी पुढे जाऊन आफ्रिकेतल्या रानभाताशी संकर केला. त्यातून निघालेलं ‘पीआर-२३’ हे वाण २०१८ मध्ये प्रसारित झालं. एकदा लावून चार वर्षांत आठ कापण्या त्यानं दिल्या; पाचव्या वर्षी मात्र उत्पन्न घसरलं.

यात धोकेही आहेत. शेत रिकामं राहत नाही, म्हणजे खोडकिड्याला, तुडतुड्याला वर्षभर घर मिळतं. पहिल्या पिकात रोग असेल तर खोडव्याचा विचारही करू नये.

आता कोकण. आपला विळा पेंढ्यासाठी आधीच जमिनीलगत फिरतो, म्हणजे उंचीनं आपण सुमात्राच्या जवळ आहोत. थंडीही फार नाही. पण गरवं भात कापेपर्यंत खाचर भेगाळू लागतं. म्हणून जिथे वायंगणी भात होतं, पाटाचं पाणी आहे, तिथेच हा प्रयोग शोभेल: दोन गुंठ्यांत, आधी हळव्या वाणावर. आणि गावानं गुरं बांधून ठेवायचं कबूल केलं तर.