आजीचा शब्द कोणी जपायचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी ‘आजी’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय गोड आहे आणि म्हणूनच अवघड आहे. आजीचे गुण सांगू लागले की सगळ्यांच्या आज्या सारख्याच दिसू लागतात. पहाटे सर्वांच्या आधी उठणारी, सर्वांच्या मागून जेवणारी, शेजारणीच्या अडचणीला धावणारी. हे सारे खरेच आहे. पण एवढ्यावरून कोणाची आजी कोणती, ते ओळखू येईल का? आजी काय करीत असे, ते आपण सांगतो. ती काय म्हणत असे, असे कोणी विचारले, म्हणजे मात्र आपण एकमेकींच्या तोंडाकडे पाहतो. मला आज बोलायचे आहे ते आजीच्या या शब्दाविषयी.

आपल्या खानदेशात एक आजी अशी होऊन गेली की जिचा शब्द मागे राहिला. बहिणाबाई चौधरी. नाव निघताच तुमच्यातील कितीतरी जणींच्या ओठांवर गाणे आले असेल. पण आज कवयित्री म्हणून नव्हे, घरातली एक बाई म्हणून त्यांच्याकडे पाहू या.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालच्या नागपंचमीचा, जळगावजवळच्या आसोदे गावी, महाजनांच्या घरातला. त्या वेळी आपले धुळे आणि त्यांचे जळगाव एकाच खानदेश जिल्ह्यात होते. जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले ते १९०६ साली. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधऱ्यांच्या वाड्यात सून होऊन आल्या. तीसाव्या वर्षी कुंकू पुसले गेले. पदरात ओंकार, सोपानदेव आणि काशी ही तीन मुले. ओंकारला प्लेगाने कायमचे अपंगत्व आलेले. सोपानदेव तर तेव्हा अवघे तीन वर्षांचे होते. शेतीचे काम, घरचे काम, मुलांचे करणे, सारे त्या बाईने निभावले.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? अशा बाया आमच्या साक्रीतही घरोघर झाल्या. अगदी बरोबर! मीही तेच म्हणते. बहिणाबाईंचे कष्ट इतर बायांसारखेच होते. फरक एवढाच की, त्या काम करताना जे गुणगुणल्या, ते कोणीतरी कान देऊन ऐकले आणि कागदावर उतरवले.

बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्याला त्या घरोट म्हणत. त्या घरोटाशी बसल्या की गाणे येई. पेरणीला येई, कापणीला येई, उपणणीला येई. सुगरणीचा खोपा पाहून येई, आणि हात पाहायला आलेल्या जोतिष्याला दारातून परत पाठवतानाही येई. जळगावात छापखाना पाहिला तर त्यावरही त्यांनी गाणे रचले. ज्या बाईला छापलेले अक्षर वाचता येत नव्हते, तिने छापखान्याचे कौतुक गावे, याचा जरा विचार करा. आपलेही शब्द एके दिवशी असेच छापले जातील, हे त्या माउलीच्या स्वप्नी तरी आले असेल का?

ती गाणी टिपून ठेवली सोपानदेवांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. ते हरखून गेले. ही गाणी छापली पाहिजेत, असा त्यांनी आग्रह धरला, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. १९६१ साली ‘मानिनी’ या चित्रपटातून ती गाणी घराघरांत गेली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. २०१८ साली ते दिले गेले. आपल्या साक्रीच्या महाविद्यालयातील मुलींच्या पदवीपत्रावर एका निरक्षर आजीचे नाव असते! मला तर याहून मोठा मान दुसरा दिसत नाही.

आणि एक लक्षात घ्या. ही गाणी लिहिताना कोणी ती ‘शुद्ध’ केली नाहीत. बहिणाबाईंची जी लेवा बोली, त्या बोलीतच ती छापली गेली. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी शब्द अडले तर अर्थ विचारला, पण वाचली ती त्याच बोलीत. आपली अहिराणी बोलताना आपल्यापैकी पुष्कळ जणी पाहुण्यांसमोर संकोचतात. आंडोर, आंडेर हे शब्द आता आपल्या नातवंडांना कळत नाहीत. ज्या बोलीत आजीने बाळाला निजवले, ती बोली गावंढळ कशी असेल, भगिनींनो?

आता माझ्या आजीविषयी थोडे सांगते. ती याच तालुक्यातली, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरची. गल्लीत कोणी बाळंत होणार असले की रात्री-अपरात्री तिला बोलावणे येई आणि ती अंगावरच्या लुगड्यानिशी निघे. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. मुठीत हातोडी, डोक्यावर ऊन, आणि तिच्या ओळीत बसलेल्या बाया तिच्यामागून ओव्या म्हणत. गाण्याने पोट भरत नाही, हे तिलाही कळत होते. पण हात चालता राहतो, असे ती म्हणे.

आजी गेल्यावर माझ्या आईने किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर तिच्या ओव्या लिहून काढल्या. अकरा पुऱ्या आहेत. बारावी अर्धीच आहे. तिचा पहिला भाग आईला आठवला, पुढचा काही केल्या आठवेना. आईने तेवढी जागा मोकळी सोडली. पुढे कधी आठवेल म्हणून. ती जागा अजून मोकळी आहे. ज्यांना विचारावे, त्या खडी फोडणाऱ्या बायांपैकी आता कोणी उरलेल्या नाहीत.

ती अर्धी ओवी मला फार काही शिकवते. माणूस गेले की दु:ख होते, ते काळाने हलके होते. पण त्याच्याबरोबर त्याचा शब्द गेला, तर ती जागा कोणाला भरता येत नाही. आपण आजीचा फोटो भिंतीला लावतो, त्याला हार घालतो, श्राद्धाला तिच्या आवडीचे वाढतो. हे सारे करावेच. पण फोटो बोलत नाही.

कोणी म्हणेल, आमची आजी काही कवयित्री नव्हती. बहिणाबाईंच्या गल्लीतल्या बायांनाही आपल्या शेजारी कवयित्री राहते, हे तेव्हा कुठे ठाऊक असेल? आणि कवयित्री नसली म्हणून काय झाले? कानबाईच्या रात्री म्हणायचे गाणे, आखाजीच्या झोक्यावरचे गाणे, मूल रडत असताना घालायची समजूत, कोणत्या नक्षत्रात काय पेरायचे याचा आडाखा, कळण्याच्या भाकरीला ज्वारीत उडीद किती घालायचे, हेही शब्दच आहेत. साने गुरुजींसारख्या थोर माणसाने बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या गाणाऱ्या बाया काही नामांकित नव्हत्या. तुमच्या-माझ्या आजीसारख्याच होत्या.

वेळ मात्र थोडा आहे. गावात पिठाची गिरणी आली आणि बाईच्या हाताला विसावा मिळाला, हे फार चांगले झाले. जाते परत यावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण जाते गेले तेव्हा ओवी म्हणण्याची वेळही गेली. हाताने दळलेल्या आपल्यातल्या शेवटच्या बाया आज ऐंशीच्या घरात आहेत. त्या गेल्या की विचारायचे कोणाला?

म्हणून मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. मंडळाने एक जाड वही घ्यावी. महिन्यातून एकदा आपल्यातल्या दोघींनी एका वृद्ध बाईकडे जाऊन बसावे. ती जे म्हणेल, ते तिच्याच बोलीत लिहावे; एक अक्षर सुधारू नये. तिचे माहेर, सासर, आणि ते गाणे कोणत्या कामाला म्हणत, हेही लिहावे. हल्ली घरोघर मोबाइल आहे, त्यात तिचा आवाजही साठवावा. नातीला हे काम सांगितले तर ती आनंदाने करील. भिशीचा हिशेब आपण पै-पैशाने लिहितो. आजीचा एक शब्द लिहायला आपल्याला जड का जावे?

पहिले पान कोणाचे, ते मला सांगावेसे वाटते. आज या सभेत पुढच्या रांगेत ज्या वडीलधाऱ्या बाया बसल्या आहेत, त्यांच्यापासूनच सुरुवात करू या. आजींनो, तुमच्या पाया पडायला तर आम्ही येऊच. पण या वेळी येताना हातात वही असेल. तेव्हा ‘माले काय येस?’ असे म्हणून आम्हाला परत पाठवू नका.