ज्ञानकोश, भागीदार आणि लिहिणाऱ्याचा पत्ता



ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण याच अमरावतीत झाले. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी राजाश्रयाची वाट पाहिली नाही. नागपुरात लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले आणि तेवीस खंड सिद्ध केले. तेव्हा ज्ञानकार्यात व्यवहार शिरला की ते भ्रष्ट झाले, असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की व्यवहार कशाचा? केतकरांच्या भागधारकाला आपण काय दिले हे ठाऊक होते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. अकोल्याचा एखादा शिक्षक तेथे नरनाळा किल्ल्यावर चार परिच्छेद लिहितो, मोबदल्याविना. पण श्रेय देऊन व त्याच अटींवर खुले ठेवून ते लेखन कोणीही विकू शकतो, हे परवान्यातच आहे. तो परवाना वाचतो कोण?

२०२१ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानाने ‘विकिमीडिया एंटरप्राइझ’ ही सशुल्क सेवा काढली. २०२२ मध्ये गूगल ग्राहक झाल्याचे जाहीर झाले. जानेवारी २०२६ मध्ये अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट ही नावे पुढे आली. मजकूर मूळचाच विनामूल्य आहे. विकला जातो तो यंत्राला पचेल अशा मांडणीतला, वेगवान आणि अखंड पुरवठा. यात मला गैर दिसत नाही. ज्यांची यंत्रे रात्रंदिवस ही पाने उपसतात, त्यांनी खर्च उचललाच पाहिजे. खटकते ते श्रेयाचे. यंत्र परस्पर उत्तर देते, वाचक मूळ पानावर येतच नाही, आणि नरनाळ्यावर लिहिणारा अदृश्य होतो.

याहून जवळची गोष्ट निराळीच आहे. खाते न उघडता लिहिले म्हणजे आपण अनामिक राहिलो, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट होती! अशा लेखनापुढे लिहिणाऱ्याचा आयपी पत्ता जाहीरपणे नोंदला जाई. २०२५ मध्ये बहुतेक विकिपीडियांवर त्याजागी तात्पुरती खाती आली. जुन्या नोंदी मात्र पानांच्या इतिहासात तशाच आहेत, आणि त्या उतरवून घ्यायला कोणताही करार करावा लागत नाही.

म्हणून वऱ्हाडी बोलीवर, रिद्धपूरवर, आपल्या गावावर लिहू पाहणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे: आधी खाते उघडा. ते खऱ्या नावाचेच हवे असे बंधन नाही. परवाना एकदा पूर्ण वाचा, आणि मग खुशाल लिहा.