मोटारीचा पट्टा आणि मालकाचा हात

मोटार बाळगणाऱ्या पुष्कळ सद्गृहस्थांना तिच्या रंगाची, काचांची आणि गाद्यांची जितकी काळजी असते, तितकी बॉनेटखाली फिरणाऱ्या पट्ट्याची नसते. वास्तविक हा पट्टा म्हणजे रबराचे एक साधे कडे. आत बळकट धाग्यांचा गाभा आणि वर काळे रबर, एवढाच त्याचा संसार. इंजिनाच्या मुख्य दांड्यावरील पुलीपासून तो निघतो, अल्टरनेटर नावाच्या वीजजनित्राच्या पुलीला वळसा घालून परत येतो, आणि इंजिनाची गती त्या जनित्राला पोचवितो. मोटारीचे दिवे, भोंगा, काच पुसणारे हात आणि बॅटरीतील साठा हे सारे अखेर या कड्याच्या पकडीवर अवलंबून असते. काही गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही तोच फिरवितो.

पट्ट्याने गती वाहून नेण्याची युक्ती मराठी माणसाला नवी नाही. श्रोत्यांपैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले असेल, त्यांना पिठाच्या गिरणीचा तो लांबलचक, फटफट आवाज करीत धावणारा पट्टा आठवेल. तो घसरू लागला की गिरणीवाला त्याला राळ लावी आणि दळण पुढे चाले. तो पट्टा सपाट असे. मोटारीच्या पट्ट्याला निराळा आकार मिळाला. 1917 साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी पाचरीच्या आकाराचा रबरी पट्टा तयार केला. पाचर खाचेत बसते ती दोन्ही बाजूंनी दाबून. ओढ जितकी वाढेल तितकी ती अधिक घट्ट रुतते. म्हणून अरुंद असूनही हा पट्टा मोठे ओझे वाहतो. परंतु त्याच्या कडा झिजल्या की तो खाचेच्या तळाला टेकतो, पाचरीचा गुण नाहीसा होतो आणि पट्टा घसरू लागतो. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत रुंद, आतून उभ्या रेघांचा पट्टा असतो. तत्त्व मात्र तेच, एका मोठ्या पाचरीऐवजी अनेक लहान पाचरी.

जनित्राचीही अशीच कथा आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या जुन्या फियाट गाड्यांत डायनामो असे. इंजिन मंद चालत असता तो फारशी वीज देत नसे. 1960 साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या गाडीत अल्टरनेटर बसविला आणि पुढे तोच सर्वत्र रूढ झाला. गाडी चौकात उभी असतानाही तो पुरेशी वीज देतो. दिल्लीसारख्या शहरात, जिथे गाडीचा बराच वेळ उभे राहण्यातच जातो, तिथे हा गुण लहान नव्हे.

याच दिल्लीत, यमुनेच्या पूर्व तीरावर मयूर विहार ही वसाहत आहे. तेथील नोकरदार मनुष्य सकाळी निजामुद्दीनच्या पुलावरून नदी ओलांडतो आणि कचेरीची वाट धरतो. त्याच्या गाडीच्या पट्ट्याला या शहराचे हवामान फार कठोर वागविते. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि रबर सुकून त्याला बारीक भेगा पडतात. जानेवारीच्या पहाटे तेच रबर थंडीने ताठरते, बॅटरी क्षीण झालेली असते, आणि धुक्यामुळे दिवे, मागची काच तापविणारी तार, पंखा हे सर्व एकदम चालू करावे लागते. जनित्रावर भार पडतो आणि झिजलेला पट्टा किंचाळतो. शेजारी खिडकीतून डोकावतात. दोन मिनिटांनी आवाज थांबतो आणि मालक ते विसरतो. वस्तुतः पट्ट्याने दिलेली ती पूर्वसूचना असते.

ती न ऐकल्यास काय होते? पट्टा पुलावर, वाहनांच्या रांगेत तुटतो. समोर बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा लागतो. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर उष्णतेचा काटा चढू लागतो; अशा वेळी 'कचेरीपर्यंत जाऊ' असे म्हणणे म्हणजे इंजिन गमावण्याची तयारी ठेवणे होय. गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे, हेच शहाणपण. पंप निराळा असेल तर गाडी बॅटरीवर काही अंतर जाईल. परंतु धुक्यात दिवे मंद होत जाणे ही गोष्ट चालकाच्या आणि मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्याही जिवाशी संबंधित आहे.

हा प्रसंग टाळण्यासाठी एखाद्या रविवारची सकाळ पुरते. प्रथम पट्टा नीट पाहावा. आतल्या बाजूस आडव्या भेगा, कडेला लोंबणारे धागे, काचेसारखी चकाकी किंवा तेलाचा डाग यांपैकी काही दिसले, तर त्याचे दिवस भरले असे समजावे. नवा पट्टा आणताना जुन्यावर छापलेला क्रमांक टिपून न्यावा. काश्मिरी गेटच्या बाजारात मोटारीचे सुटे भाग विपुल मिळतात; तेथे अस्सल मालाइतकाच नकली मालही असण्याचा संभव धरून पावती घ्यावी.

गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. काही गाड्यांतील थंड करणारा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो; बोटांना त्याची दयामाया नसते. यासाठी बॅटरीची ऋण तार आधी सोडावी आणि सर्व काम आटोपल्यावर सर्वांत शेवटी जोडावी. सैल बाह्या, अंगठी आणि घड्याळ यांना या कामात जागा नाही. त्यानंतर पट्ट्याचा मार्ग एका कागदावर रेखाटून ठेवावा. हे बालिश वाटते. पण पट्टा एकदा हाती आला की तो कोणत्या पुलीच्या कोणत्या बाजूने गेला होता, हे सांगणे मोठ्या पदवीधरालाही कठीण जाते.

जुन्या धाटणीच्या गाडीत अल्टरनेटर एका बोल्टवर झुलता असतो आणि दुसरा बोल्ट त्याला एका लांबट खाचेच्या पट्टीत आवळून धरतो. योग्य मापाच्या पान्याने दोन्ही थोडे सैल करावेत आणि अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलावा. पट्टा ढिला पडून सहज निघतो. तो निघाल्यावर पुली हाताने फिरवून पाहाव्यात. त्या खरखरल्या किंवा डुलल्या तर दोष पट्ट्याचा नसून आतील बेअरिंगचा आहे, आणि नवा पट्टा घालून तो आवाज जाणार नाही. मग दोन्ही पट्टे शेजारी धरून रुंदी आणि लांबी ताडून पाहावी. जुना किंचित लांबलेला असेल, फार फरक मात्र नसावा. पुलीच्या खाचा पुसून नवा पट्टा हातानेच चढवावा. स्क्रूड्रायव्हरने रेटला तर आतील धागे तुटतात आणि नवा पट्टा पहिल्याच दिवशी म्हातारा होतो.

यापुढचा भाग खऱ्या कसोटीचा. अल्टरनेटर बाहेरच्या बाजूस ओढून धरायचा आणि त्याच स्थितीत बोल्ट आवळायचे. किती ओढायचा? दोन पुलींमधील सर्वांत लांब अंतराच्या मध्यावर अंगठ्याने जोर देऊन दाबले असता पट्टा साधारण एक सेंटिमीटर लवावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ढिला राहिला तर घसरेल, तापेल, ओरडेल. फार ताणला तर तो स्वतः गप्प राहील, परंतु अल्टरनेटरचे आणि पंपाचे बेअरिंग हळूहळू खाऊन टाकील. तंबोऱ्याची तार जुळविणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मोटारवाल्याला ते अंगठ्याने शिकावे लागते.

तार जोडून इंजिन सुरू केल्यावर तांबडा दिवा विझला पाहिजे. व्होल्टमापक असल्यास बॅटरीच्या टोकांवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत. नवा पट्टा थोडा लांबतो. म्हणून काही दिवसांनी ताण पुन्हा तपासावा.

आपल्या हाताची मर्यादा ओळखणे हाही या विद्येचाच भाग आहे. काही नव्या गाड्यांत पट्ट्याला ताण देणारी स्प्रिंगची पुली असते; लांब पान्याने ती वळवून पट्टा बदलता येतो. काहींत मात्र खास अवजारावाचून पट्टा चढत नाही. शिवाय अनेक इंजिनांत झाकणाआड दुसरा, दातांचा पट्टा असतो. इंजिनातील झडपा योग्य वेळी उघडण्यामिटण्याचे काम तो करतो. तो एका दाताने चुकीचा बसला तरी इंजिनाचे काम बिघडते, आणि काही इंजिनांत त्याहून अधिक चुकल्यास झडपा वाकतात. तेथे निष्णात मिस्त्रीलाच शरण जावे.

घरी पट्टा बदलल्याने मजुरीचे काही रुपये वाचतात खरे. पण लाभ तेवढाच नाही. आपल्याकडे पुस्तक वाचणारा हात आणि पाना धरणारा हात फार काळ निरनिराळे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या व्यवसायात लक्ष घातले, लोखंडी नांगर घडविले आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या ठायी हे दोन्ही हात एकत्र आले होते. सर्वांनी कारखानदार व्हावे असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याने एकदा अर्धा तास ओणवे राहून, बोटे काळी करून, ताण नेमका जुळविला, तो पुढे मिस्त्रीच्या दुकानी गेला म्हणजे निराळ्या नजरेने उभा राहतो. मिस्त्री अंगठ्याने पट्टा दाबून क्षणात 'ठीक' म्हणतो, त्या एका शब्दामागे किती वर्षांचा सराव आहे, हे त्याला समजलेले असते. मग मजुरीची घासाघीस करताना त्याची जीभ थोडी अडखळते, आणि ते योग्यच होय.