गतीच्या पाठाआधी मोजमाप

(भुसावळ येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



भुसावळ हे आगगाडीचे गाव. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे दुभागतो. एक नागपूरकडे जातो, दुसरा खांडवा-इटारसीकडे. गाडीची वेळ, फलाट, अंतर या गोष्टी येथील मुलांच्या रोजच्या बोलण्यातल्या आहेत. असे असूनही ‘गती’ हा पाठ आपल्या पुष्कळ शाळांतून केवळ पाठांतराने उरकला जातो. हा दोष प्रथम मी माझ्याच पदरात घेतो.

मी एका खेड्यात शिक्षक असतानाची गोष्ट. फळ्यावर उदाहरण घातले : एक मनुष्य 20 मिनिटांत 1500 मीटर चालतो, तर त्याची चाल किती? एका मुलाने भागाकार करून 75 हे उत्तर दाखविले. मी बरोबरची खूण केली आणि सहज विचारले, “75 काय रे?” तो म्हणाला, “गुरुजी, ताशी 75 किलोमीटर.” वर्गात कोणी हसले नाही. पायी चालणारा मनुष्य आगगाडीच्या बरोबरीने जातो, हे साऱ्या वर्गाने निमूटपणे मान्य केले! चूक त्या मुलाची नव्हती. मी एककाचा आग्रह कधी धरला नव्हता आणि मुलांना एकदाही अंगणात नेऊन मोजावयास लावले नव्हते.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांच्या हातून मोजमाप घडू द्यावे.

आरंभ लांबीपासून करावा. पाच मुलांना शाळेचे अंगण पावलांनी मोजावयास सांगा. पाच निरनिराळ्या संख्या येतील. वीत, हात, कोस ही आपली जुनी मापेही अशीच माणसागणिक आणि मुलखागणिक बदलत. सर्वांना सारखे असे प्रमाण हवे, ही गरज मुलांना येथे आपोआप कळते. आपल्या देशाने 1956 साली त्यासाठी कायदा केला आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून दशमान वजनमापे टप्प्याटप्प्याने प्रचारात आली, हे त्याच वेळी सांगावे. मग फीत हाती द्यावी. पट्टीचे टोक झिजले असल्यास शून्याऐवजी 1 च्या खुणेपासून मोजावे व ते 1 वजा करावे. डोळा खुणेच्या बरोबर समोर ठेवावा. एकच लांबी तीनदा मोजावी. तिन्ही वेळा थोडा फरक पडला तर मुलांना रागावू नये. प्रत्येक मापनात थोडी चूक राहतेच आणि ती कमी करणे हेच शास्त्राचे काम आहे.

यानंतर काळ. घड्याळ नसले तरी अडत नाही. दोरीला दगड बांधून तो टांगावा. टांगणीपासून दगडाच्या मध्यापर्यंत लांबी 1 मीटर ठेवावी आणि हलकासा झोका द्यावा. दगडाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्यास सुमारे 1 सेकंद लागतो. दगड लहान घेतला काय, मोठा घेतला काय, लांबी तीच ठेवल्यास काळात फरक पडत नाही. हे मुलांना स्वतःच शोधू द्यावे.

आता अंगणात 20 मीटरांवर दोन रेघा आखाव्यात. एक मूल नेहमीसारखे चालेल, बाकीचे लंबकाचे झोके मोजतील. समजा, 16 सेकंद लागले. चाल झाली सेकंदाला 1.25 मीटर, म्हणजे मिनिटाला 75 मीटर, म्हणजेच ताशी 4.5 किलोमीटर. माझ्या त्या विद्यार्थ्याचा 75 हा आकडा खरा होता. त्याला मीटर आणि मिनिट मात्र भेटले नव्हते.

पुढच्या इयत्तांसाठी एक उदाहरण सुचवितो. भुसावळ ते जळगाव हे अंतर 24 किलोमीटर धरू. एक गाडी ताशी 40 किलोमीटर चालीने गेली आणि ताशी 60 किलोमीटर चालीने परतली. सरासरी चाल किती? मुले 50 म्हणतील, कदाचित आपणही म्हणू. पण जाण्यास 36 मिनिटे लागली, येण्यास 24. एकूण 48 किलोमीटर, एकूण एक तास. म्हणून सरासरी चाल ताशी 48 किलोमीटर. मंद चालीने गाडी अधिक वेळ चालली, हे त्याचे कारण. शिवाय गाडी निघाली तेथेच परत आली. म्हणून तिने कापलेले अंतर 48 किलोमीटर असले तरी विस्थापन शून्य. चाल आणि वेग यांतील भेद येथूनच उलगडावा.

शेवटी, गाडीत बसलेल्या मुलाचा अनुभव विचारा. शेजारची गाडी सुटली की आपलीच निघाली असे वाटते. फलाटावरच्या खांबाकडे पाहिले म्हणजे भ्रम दूर होतो. गती ही नेहमी कशाच्या तरी संदर्भाने सांगावी लागते, हा मोठा सिद्धांत त्या खांबापाशी समजतो. मात्र प्रयोगासाठी मुलांना रुळांजवळ कदापि नेऊ नये. आपले अंगण त्यास पुरेसे आहे.

बंधुभगिनींनो, एक फीत, एक दोरी आणि एक दगड एवढे साहित्य प्रत्येक शाळेत मिळेल. यापुढे मुलाने आकडा सांगितला की “किती?” एवढ्यावर न थांबता “काय?” हेही विचारावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.