पणजोबांचा पगार गेला कुठे?

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट एका पगाराची. महिना १८ रुपये.

माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. गाव कणकवलीजवळ. त्यांची पलटण इटलीत लढली. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना १९४४ आणि १९४५ मध्ये इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या घरात मात्र पराक्रमाची गोष्ट नव्हती. होतं ते पणजीचं एक वाक्य, "लढायेक गेलो नि माका विसारलो." नवरा तिकडे आणि ही दुसऱ्यांच्या शेतात लावणीला. पैसे न पाठवणारा माणूस, हा शिक्का पणजोबांवर कायमचा बसला.

गेल्या मे महिन्यात माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचं पे बुक सापडलं. पे बुक म्हणजे शिपायाने जवळ बाळगायची छोटी वही. आघाडीवर सगळा पगार हातात पडत नसे. थोडी उचल मिळायची, तिची नोंद या वहीत. बाकी खात्यावर जमा. आणि एक भाग पगारातूनच कापून घरी जायचा, त्याला म्हणायचे फॅमिली अलॉटमेंट.

मी ते पान मोबाईलवर झूम करून वाचलं. अलॉटमेंट १२ रुपये. म्हणजे १८ मधले १२ घरी! घेणाऱ्याचं नाव? पणजी नाही. पणजोबांचे वडील.

पैसे येत होते, मंडळी. फक्त तिच्या हातात येत नव्हते.

आता खापरपणजोबांना व्हिलन करणं सोपं आहे. पण घर एकत्र, खाणारी तोंडं बरीच, कदाचित कर्जही असेल. पे बुक एवढंच सांगतं की पैसे कुणाच्या नावे लावले होते. पुढे ते कुठे खर्च झाले, हे त्यात नसतं. म्हणून मी तिथेच थांबलो.

तुम्हालाही शोधायचं असेल, तर तीन गोष्टी.

एक. आधी आर्मी नंबर शोधा. पे बुक, डिस्चार्जचा कागद, मेडलची कड, कुठेही असेल. एकाच नावाचे शिपाई ढिगाने असतात. नंबर मिळाला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे.

दोन. स्पेलिंगवर आणि जिल्ह्यावर अडून बसू नका. कारकुनाने कानावर पडलं तसं रोमन लिपीत लिहिलंय. आणि सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये, त्यामुळे आमच्या कागदावर रत्नागिरीच आहे.

तीन. पेन्शनच्या कागदांत नाव नाही, म्हणजे माणूस फौजेत नव्हता असं नाही. युद्धापुरते भरती झालेले बरेच जण पेन्शनला लागणारी वर्षं भरायच्या आतच घरी परतले.

आजोबांना ते पान दाखवलं. त्यांनी १२ च्या आकड्यावर बोट ठेवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आयेक ह्या कळूक व्हया होता."

पणजी जाऊन २० वर्षं झाली. तिला नाही सांगता आलं, म्हणून तुम्हाला सांगितलं.

आज घरी गेलात की माळ्यावरची ट्रंक उघडा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून उघडा. भेटू पुढच्या भागात!