वाट पाहण्याचे भांडवल

(नव्याने पदवीधर झालेल्या तरुण-तरुणींसमोर महाड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पदवी मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षाविषयी मी बोलावे, अशी आपली सूचना आहे. अशा प्रसंगी वडीलधाऱ्या वक्त्याने काय सांगायचे, हे जवळजवळ ठरून गेलेले असते. जिद्द सोडू नका, पडेल ते काम करा, नोकरी मागणारे न होता नोकरी देणारे व्हा, असा उपदेश करून त्याने हार स्वीकारावा आणि निघून जावे. तो उपदेश सर्वस्वी खोटा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्यात एक प्रश्न कधीच विचारला जात नाही. पदवीधर माणूस ज्या काळात कामाची वाट पाहत असतो, त्या काळात त्याच्या जेवणाचा खर्च कोण करतो? मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तेव्हा आजचे बोलणे या एका साध्या प्रश्नापुरतेच ठेवावे असे मी ठरवले आहे.

मी १९८१ च्या जूनमध्ये बी.ए. झालो. कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामकरण त्याच वर्षी झाले होते. आमचे गाव पोलादपूर तालुक्यातले, डोंगराच्या कुशीतले. भाताची थोडी खाचरे आणि वर वरकस जमीन; तिच्यावर नाचणी आणि वरी. पाऊस धो धो पडतो आणि ऑक्टोबरनंतर ओढा आटतो. एका पिकाच्या या शेतीवर घर वर्षभर चालत नसे. ते चालत असे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर. माझे काका लालबागच्या बाजूला एका कापड गिरणीत साच्यावर होते. आमच्या गावच्या मंडळींनी तिथल्या एका चाळीत खोली धरली होती. वीस-बावीस माणसांचा तो संसार गिरणीच्या पाळ्यांवर चाले. रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा होई. पदवीचा कागद घेऊन मी त्या खोलीत जाऊन राहिलो. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले, बँकेच्या परीक्षांचे अर्ज भरले आणि वाट पाहू लागलो. खानावळीचे पैसे काका भरत. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाहीत आणि मीही कधी त्यांचा हिशेब मांडला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. तो संप कसा लांबला आणि त्याचा शेवट कसा झाला, हे आपण वाचले असेल. माझ्यापुरता त्याचा अर्थ दीड-दोन महिन्यांत स्पष्ट झाला. खोलीतली माणसे एकेक करून एस.टी.ने गावाकडे परतली. काकाही परतले. ज्या पगाराच्या आधाराने मी वाट पाहत होतो, तो पगारच थांबला. बँकेच्या एका लेखी परीक्षेत मी उत्तीर्ण झालो होतो आणि मुलाखतीचे पत्र यायचे होते. ते येईपर्यंत मुंबईत टिकून राहण्याची ऐपत माझ्यापाशी उरली नव्हती. मशीद बंदरच्या एका पेढीवर मी कारकून म्हणून लागलो. सही चारशे रुपयांवर करायची आणि हातात अडीचशे घ्यायचे, असा तिथला रिवाज होता. मुलाखतीच्या दिवशी रजा मागितली, तेव्हा 'जायचे तर कायमचे जा' असे उत्तर मिळाले. मी गेलो नाही. पुढे नोकरी करीत एम.ए. केले, प्राध्यापक झालो. माझे नुकसान झाले असे मी म्हणत नाही. मात्र तीन महिने अधिक वाट पाहता आली असती, तर माझा मार्ग वेगळा झाला असता. तो वळला माझ्या गुणांमुळे किंवा आळसामुळे नव्हे. एका पगाराच्या बंद होण्याने तो वळला.

आता अर्थशास्त्राकडे वळू. ब्लॉग, लेयार्ड आणि वुडहॉल या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९६९ साली भारतातील पदवीधरांच्या बेकारीची कारणे शोधणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पदवीधरांची बेकारी हा बव्हंशी वाट पाहण्याचा काळ असतो, अपेक्षेप्रमाणे काम मिळेपर्यंत तो थांबतो आणि कुटुंब त्याला थांबू देते, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. तो आजही विचारात घेण्याजोगा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. त्यांनुसार पदवीधर तरुणांमधील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते अवघे ३.४ टक्के होते. हे आकडे पाहून काही विद्वान म्हणतात, शिक्षणाने माणूस निकामी होतो. हा निष्कर्ष उथळ आहे. निरक्षर माणसाला काम मिळते याचा अर्थ त्याला चांगले काम मिळते असा नाही. त्याला बेकार राहणे परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जो दुसऱ्या दिवशी उपाशी राहणार आहे, तो बेकारांच्या यादीत दिसतच नाही. तो मिळेल त्या मजुरीवर, मिळेल त्या ठेकेदाराकडे उभा असतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, वाट पाहण्याची क्षमता हे एक भांडवल आहे. जमीन आणि पैसा यांची जशी विषम वाटणी झाली आहे, तशीच याही भांडवलाची झाली आहे. दोन विद्यार्थी एकाच बाकावर बसतात आणि सारखेच गुण मिळवतात. एकाच्या वडिलांची बाजारपेठेत पेढी आहे. तो पुण्याच्या पेठेतील अभ्यासिकेत दोन वर्षे बसून स्पर्धा परीक्षा देऊ शकतो. दुसऱ्याला निकालाच्या आठवड्यातच काम हवे असते. पाच वर्षांनी पहिला अधिकारी होतो, दुसरा ठेकेदाराच्या हजेरीवहीवरच राहतो, आणि आपण त्याला गुणवत्तेतला फरक म्हणतो. त्यातही पहिल्या कामाचा शिक्का पुसता पुसत नाही. नवा मालक पहिला प्रश्न हाच विचारतो की, आधी किती मिळत होते? अडचणीत स्वीकारलेला पगार हा पुढच्या पगाराचे माप होऊन बसतो.

याच गावाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पदवीनंतरचे पहिले वर्ष आठवून पाहा. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन ते १९१२ च्या अखेरीस बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. इतक्यात वडिलांच्या आजाराची बातमी आली आणि २ फेब्रुवारीस वडील गेले. घरी पत्नी, तान्हे मूल आणि मोठे कुटुंब होते. त्या क्षणी त्यांना मिळेल ती कारकुनी पत्करावी लागली असती, तर देशाच्या इतिहासाचे काय झाले असते याची कल्पना करवत नाही. सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार झाला आणि त्याच जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. तेव्हा वाट पाहण्याचे भांडवल ज्यांच्यापाशी मुळीच नव्हते, अशा एका तरुणाला ते सार्वजनिक तिजोरीतून मिळाले. १९२७ च्या २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब अर्थशास्त्रातील लंडनची सर्वोच्च पदवी घेऊन आलेले होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. एका राजाच्या उदारतेवर जे घडले, ते लोकशाहीत हक्क म्हणून घडले पाहिजे. उदारता एकाला मिळते. हक्क सर्वांचा असतो.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे ही शासनाची जबाबदारी आहे, हे तत्त्व या राज्याने देशाच्या आधी मान्य केले. मग ग्रामीण पदवीधराच्या पहिल्या वर्षाला ते लागू का होऊ नये? २०२४ साली राज्य शासनाने युवकांसाठी कार्यप्रशिक्षणाची योजना सुरू केली. तीत पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. मूळ मुदत सहा महिन्यांची होती. पुढे ती वाढवावी लागली. त्याच वर्षी केंद्राने मोठ्या कंपन्यांतील वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी दरमहा पाच हजारांची योजना जाहीर केली. या योजनांना मी नावे ठेवणार नाही, कारण 'पहिले वर्ष ही समाजाची जबाबदारी आहे' याची त्यांत अप्रत्यक्ष कबुली आहे. पण पाच हजारांत पोलादपूरच्या मुलीने ठाण्याला किंवा पुण्याला राहायचे कुठे आणि खायचे काय? आणि मुदत संपल्यानंतर काय? ज्याला घरून आणखी पाच हजार येतात, त्यालाच ही संधी घेता येते. म्हणजे भांडवल पुन्हा भांडवलवाल्याकडेच गेले.

आपल्या दाराशी रासायनिक कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथे काम मिळते, हे खरे. प्रश्न ते कोणत्या अटींवर मिळते हा आहे. नवा माणूस अनेकदा ठेकेदारामार्फत येतो, त्याच्या हाती नेमणुकीचा कागद नसतो आणि कोणत्या पिंपात काय आहे हे त्याला पुरते समजावलेले नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच वसाहतीत स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. रसायनाच्या कारखान्यात प्रशिक्षण ही पगाराइतकीच मूलभूत गोष्ट आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र दिले पाहिजे, अशी तरतूद संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत आहे. ते पत्र मागणे हा उद्धटपणा नव्हे. एकट्याने मागितले तर दार दाखवले जाईल, हे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणून ते दहा जणांनी मिळून मागावे.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. सरकारी भरतीची जाहिरात, परीक्षा, निकाल आणि नेमणूक यांच्या तारखा आधी जाहीर व्हाव्यात आणि पाळल्या जाव्यात. लांबलेला प्रत्येक महिना गरीब उमेदवाराला स्पर्धेबाहेर ढकलतो. पदवीनंतरचे एक पूर्ण वर्ष सवेतन प्रशिक्षणाचा हक्क असावा आणि ते प्रशिक्षण तालुक्यातच मिळावे. कामांची वाण नाही. २०२१ च्या जुलैत महाडची बाजारपेठ पुरात बुडाली आणि तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, तेव्हा या भागातील कितीतरी विद्यार्थ्यांनी आठवडेच्या आठवडे चिखल उपसला. धोक्याच्या उतारांची पाहणी, पाणलोटाच्या नोंदी, शाळा, आरोग्यकेंद्रे ही सारी शिकलेल्या हातांची वाट पाहत आहेत. आणि बाहेरगावी जाणाऱ्या मुलींसाठी परवडणारी वसतिगृहे हवीत.

शेवटचा मुद्दा या मुलींशीच निगडित आहे. तो सांगायला मला बरीच वर्षे लागली. १९८१ च्या ज्या जूनमध्ये मी पदवीधर झालो, त्याच जूनमध्ये माझी धाकटी बहीण दहावी झाली. तिचे गुण माझ्या दहावीच्या गुणांहून अधिक होते. अकरावीसाठी तिला महाडला ठेवणे भाग होते, कारण गावाहून रोजची ये-जा शक्य नव्हती. 'दादाला नोकरी लागू दे, मग पुढच्या वर्षी बघू' असे घरात ठरले. त्या पुढच्या वर्षी संप होता, काका घरी बसले होते, आणि त्यानंतरच्या वर्षी तिचे लग्न झाले. संधी-खर्च ही संकल्पना मी तीस वर्षे फळ्यावर लिहून शिकवली. एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, तिचे मोल म्हणजे संधी-खर्च, ही व्याख्या हजारो मुलांकडून पाठ करून घेतली. परंतु माझ्या वाट पाहण्याचा संधी-खर्च आमच्याच घरात, चुलीपाशी बसला होता, हे मला निवृत्त होईपर्यंत मोजता आले नाही. काकांचे ऋण मी सभांतून सांगत आलो. तिचे नाव त्या हिशेबात कधी आलेच नाही. तिने ते कधी मागितलेही नाही.

म्हणून येथे जमलेल्या मुलग्यांना मी उपदेश करणार नाही, एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर आपल्या या वर्षाचा हिशेब कागदावर मांडा. जेवण, भाडे, परीक्षांचे शुल्क, प्रवास हे सारे लिहा आणि प्रत्येक रकमेसमोर ती कुणाच्या वाट्यातून आली, तेही लिहा. त्या यादीत बहिणीचे शिक्षण आढळले, तर ते आधी सुरू करा आणि मग स्वतःच्या नोकरीची चिंता करा. आणि मुलींनो, 'पुढच्या वर्षी बघू' असे कुणी म्हणाले, तर ते वर्ष कोणते आणि त्याचा खर्च कोण करणार, हे तिथल्या तिथे विचारा. तो प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला असता, तर आज या व्यासपीठावर कदाचित माझ्याऐवजी तीच उभी असती, आणि तिने हा विषय माझ्याहून चांगला मांडला असता.